ठराव क्रमांक नऊ आणि पस्तीसची बॅटरी

सिताराम तांब्यांची गाडी बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता ‘टक’ म्हणाली आणि गप्प बसली.

तांब्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. गाडीने पुन्हा ‘टक’ केलं, पण या वेळी जरा नाराजीने. तिसऱ्या वेळी तिने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

गाडी बंद पडणं ही काही जगबुडी नव्हे. सानपाड्यात रोज पाचपन्नास गाड्या बंद पडत असतील आणि त्यांचे मालक शिव्या देऊन रिक्षाने कामाला जात असतील. पण ते मालक ‘समता संकल्प’ सोसायटीचे सेक्रेटरी नसतात, आणि त्यांनी ठराव क्रमांक नऊ स्वतःच्या हाताने लिहिलेला नसतो. तांबे सेक्रेटरी होते. ठराव त्यांचाच होता. आणि तपासणी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता होती.

एका सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढून तांबे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे ठराव कसा लिहावा हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ‘वाहनतळावरील जे वाहन त्रैमासिक तपासणीच्या वेळी स्वतःच्या इंजिनाच्या बळावर, कोणत्याही मनुष्याच्या, दोरीच्या, तारेच्या अथवा अन्य वाहनाच्या साहाय्याविना, इमारतीस एक पूर्ण प्रदक्षिणा घालू शकणार नाही, ते बंद वाहन समजून त्याची जागा प्रतीक्षायादीतील पुढील सभासदास देण्यात येईल.’ हा सगळा मजकूर तळमजल्यावरच्या दादू पाटलांच्या जुनाट जीपसाठी होता. दादू मासळीच्या धंद्यातून बाजूला झाले होते, पण जीप बाजूला करत नव्हते. ठराव झाल्यावर दादूंनी तपासणीच्या दिवशी पहाटेच चार माणसं लावून जीप ढकलून सुरू केली आणि अकरा वाजेपर्यंत तशीच धडधडत ठेवली. तेव्हा तांब्यांनी पुढच्या सभेत पुरवणी जोडली : ‘तपासणीपूर्वी बारा तास इंजिन बंद असावे.’ दादूंनी मुकाट्याने नवीन बॅटरी घातली. तेव्हापासून जीप दर तीन महिन्यांनी ऐटीत फेरी मारत होती आणि तांब्यांच्या बंदोबस्तात आता फक्त तांबेच सापडले होते.

त्यात तांब्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी शनिवारपर्यंत गाडी चालवायला बंदी केली होती. एरवी दर रविवारी ते एपीएमसी मार्केटला भाजी आणायला गाडी काढायचे, ती फेरी तीन आठवडे चुकली होती. खरं तर बुधवारीही गाडी सुरू करून बघायचं त्यांच्या मनात नव्हतं. सत्यभामाबाईंनी चहा देताना विषय काढला होता.

“अहो, ती गाडी एकदा बघून घ्या. बॅटरी उतरली असेल.”

बायकोला सोसायटीच्या तपासणीची एवढी काळजी आहे हे बघून तांब्यांना मनातून बरं वाटलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातही बरीच शिस्त आणली होती. डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. फ्रिज कमीत कमी वेळ उघडा राहावा म्हणून आत काय आहे त्याची यादी दारावर चिकटवली होती. भाकरी थापताना किती पीठ सांडतं, याकडेही त्यांचं लक्ष होतं. या सगळ्याचा परिणाम होतोय, बायको पुढचा विचार करायला लागली आहे, असं त्यांना वाटलं.

ज्या दुकानातून बॅटरी घेतली होती तिथे त्यांनी फोन लावला. बॅटरी वॉरंटीत होती.

“आधी फुल चार्ज करून आणा, मग तपासू,” दुकानदार म्हणाला.

“अहो, चार्ज होत असती तर आणली कशाला असती?”

“मग चार्ज करून बघा ना, साहेब.”

हा युक्तिवाद तांब्यांनी स्वतः पस्तीस वर्षं लोकांना ऐकवला होता. त्यामुळे त्याला उत्तर नसतं हे त्यांना माहीत होतं. बॅटरी गॅरेजला पाठवायची तर ठराव क्रमांक सात आडवा येत होता : सोसायटीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक जड वस्तूला सेक्रेटरीच्या सहीचा गेटपास. म्हणजे तांब्यांनी तांब्यांकडे अर्ज करायचा, ‘एक बॅटरी, मृत’ असं लिहून सही करायची आणि त्याची प्रत फायलीला लावायची. ती फाइल अध्यक्ष श्यामसुंदर नाईक दर शनिवारी चाळत. तेव्हा एकच मार्ग उरला. चार्जर घरी आणायचा आणि कोणाला कळू न देता काम उरकायचं.

त्यांनी पुण्याला मुलीला फोन केला. क्रांतीने विचारलं, “पपा, किती व्होल्ट?”

“बारा,” तांबे ठामपणे म्हणाले. एवढं त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी तिने मागवलेलं पार्सल आलं. आत साबणाच्या वडीएवढा चार्जर होता. तो जोडायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. पार्किंगमध्ये भिंतीला एक प्लग होता, पण तो सोसायटीच्या मीटरवर. तिथे खाजगी वस्तू लावायला ठराव सहानुसार मनाई होती; पाचव्या मजल्यावरच्या प्रितेशने विजेची स्कूटर तिथे लावली होती, तेव्हा तांब्यांनीच तो केला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीतून वायर खाली सोडावी, तर ‘गॅलरीतून वस्त्रे, वायरी व तत्सम लोंबणाऱ्या वस्तू’ ठराव चारमध्ये आल्या होत्या. आपण किती बारकाईने काम केलं आहे, याचा तांब्यांना आयुष्यात प्रथमच पश्चात्ताप झाला.

मग बॅटरीच वर नेणं भाग होतं. तांब्यांनी पाना फिरवून ती सोडवली, भाजीच्या पिशवीत घातली आणि वर नॅपकिन टाकला. दहा किलो वजन. डॉक्टरांनी जड उचलायलाही मना केलं होतं, त्यामुळे ते एक डोळा मिटून लिफ्टपर्यंत आले. एक डोळा मिटल्याने वजन कमी होत नाही, पण त्यांना तसं वाटत होतं. लिफ्टचं दार लागणार इतक्यात प्रितेश आत शिरला.

प्रितेश म्हणजे प्रतीक्षायादीवरचा पहिला नंबर. त्याची कोरी गाडी सहा महिने बाहेर रस्त्यावर बदामाच्या झाडाखाली उभी होती आणि पाखरांनी तिचा मूळ रंग कोणाला ओळखू येणार नाही अशी व्यवस्था केली होती.

“काका, द्या इकडे. ऑपरेशन झालंय ना तुमचं?” त्याने पिशवी हिसकावलीच. “आयला, काय आहे काय यात?”

“कलिंगड,” तांबे म्हणाले.

प्रितेशने पिशवीचे कोपरे चाचपले. “चौकोनी?”

“हल्ली येतात तशी. एपीएमसीला.”

“भारीये. मग, रविवारी तपासणी ना, काका? गाडी एकदम मस्त ना तुमची?”

“उत्तम,” तांबे म्हणाले आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

बॅटरी गॅलरीत कुंड्यांमागे ठेवून त्यांनी चार्जर लावला. लाल दिवा लागला. तासाने बघितलं, लाल. दोन तासांनी बघितलं, लाल. शेवटी त्यांनी चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, तेव्हा तो चार्जर मोटरसायकलचा असल्याचं कळलं. एक आंपियरचा. या वेगाने बॅटरी भरायला दीड-दोन दिवस लागणार होते, तेही सगळं सुरळीत झालं तर. तांब्यांनी तो काढून परत खोक्यात घातला. त्यांनी रक्तदाबाची गोळी तीन तास आधीच घेतली.

“आज झोपला नाहीत ते?” सत्यभामाबाईंनी विचारलं. तांबे दररोज दुपारी तीन ते साडेचार झोपत. साडेचारला चहा. हा नेम निवृत्तीनंतर एकदाही चुकला नव्हता.

“इथे जागा जायची वेळ आलीय आणि झोपू कसला?”

“झोपा हो जरा. डोळ्याला आराम पडेल.” मग थोड्या वेळाने त्याच पुन्हा म्हणाल्या, “बॅटरी कधी लावणार परत?”

“होईल तेव्हा लावीन. तुला काय घाई?”

“मला कसली घाई,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी भांडी जरा जास्तच जोरात लावली.

शुक्रवारी तांबे बस पकडून कळंबोलीला गेले. ट्रकांचं गाव ते, तिथे बॅटरीचं ज्ञान असणार, असा त्यांचा हिशेब. दुकानात शिरण्यापूर्वी त्यांनी काखेतली फाइल नीट केली. गाडीचं नोंदणीपत्र, विमा, चासी नंबर, खरेदीची पावती, सगळं क्रमाने लावलेलं होतं.

“किती एएचची बॅटरी आहे, अंकल?” दुकानदाराने विचारलं. त्याने फायलीकडे बघितलंसुद्धा नाही.

“बारा व्होल्ट.”

“ते सगळ्यांचंच. बॅटरीवर आकडा असतो. पस्तीस, पंचेचाळीस, ऐंशी. आणि पाणी टाकायची आहे की सील?”

तांब्यांना परीक्षेत पान उलटल्यावर दुसराच विषय निघाल्यासारखं झालं. त्यांनी घरी फोन लावला आणि गॅलरीत जाऊन काय लिहिलंय ते वाच, म्हणून सांगितलं.

“पस्तीस,” सत्यभामाबाई लगेच म्हणाल्या. “आणि सील आहे. पाणी घालायची नाही.”

“तुला कसं माहीत?”

फोन कट झाला होता.

“मग सोपं आहे,” दुकानदार म्हणाला. “दहावा भाग लक्षात ठेवायचा. पस्तीसची बॅटरी तर चार्जर साडेतीन-चार आंपियरचा. जास्तीचा लावला तर बॅटरी तापणार, कमीचा लावला तर तुम्ही बसून राहणार. आणि सील आहे म्हणून ऑटोमॅटिक घ्या. भरली की आपोआप थांबतो.”

एवढी सरळ गोष्ट आपल्याला कोणी सांगितली कशी नाही, या रागातच तांब्यांनी चार आंपियरचा चार्जर घेतला. घरी येऊन खोकं उघडलं. चार्जरवर तीन चित्रं होती : एक गाडी, एक मोटरसायकल आणि एक बर्फाची चांदणी. चांदणी कडाक्याच्या थंडीत वापरायची होती. मे महिन्याच्या सानपाड्यात तिचा विचार करावा लागू नये एवढी कृपा नशिबाने केली होती. त्यांनी गाडीचं चित्र निवडलं, लाल चिमटा लाल टोकाला, काळा काळ्या टोकाला, आणि बटण दाबलं.

दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पुस्तिकेत अर्थ दिला होता : बॅटरी जोडलेली नाही.

“अरे, ही काय समोर!” तांबे चार्जरला म्हणाले.

त्यांनी पुन्हा जोडली. पुन्हा तेच. पुस्तिकेच्या तळाशी एक टीप होती : बॅटरी फारच उतरलेली असल्यास चार्जर तिची दखल घेत नाही. तांब्यांना दर नोव्हेंबरात भरावा लागणारा हयातीचा दाखला आठवला. माणूस खिडकीसमोर घामाघूम उभा, तरी तो जिवंत असल्याचा कागद हवा. इथे बॅटरीला जिवंत व्हायला चार्जर पाहिजे होता आणि चार्जरला आधी जिवंत बॅटरी पाहिजे होती. शुक्रवारचे सहा वाजले होते. एकेचाळीस तास उरले होते. जागा गेली की ती प्रितेशला, आणि आपल्या गाडीला ते बदामाचं झाड. सोसायटीत मान वर करून फिरणं संपलं, सेक्रेटरीपद गेलं. ते कुंड्यांशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांना खरंच रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दादू पाटील उभे होते, बनियन आणि लुंगीवर, हातात आंब्याच्या पेटीएवढा लोखंडी डबा.

“शेक्रेटरी, कलिंगर कुठं हाय तुमचा?”

तांब्यांचा चेहरा उतरला. “तुम्हाला प्रितेशने सांगितलं?”

“कलिंगराचा त्यानं सांगितला, बॅटरीचा कोनी कशाला सांगाया पायजे? मी खिरकीन बसून सगला बगतू. तुमी बॉनेट उगारला तवाच समजला.” दादू सरळ गॅलरीत गेले. “यो माज्या टेम्पोचा चार्जर. जुना हाय, अक्कल नाय त्याला. त्याला कोन जिता, कोन मेला, काय समजत नाय. नुसता देतू.”

“स्फोट वगैरे नाही ना होणार?” तांबे दाराआडून म्हणाले.

“बारावर ठेवलाय, चोवीसवर नाय. धा मिन्टा लावाचा, थोरी जान आली का मंग तुमचा शाना चार्जर लावाचा.”

डबा गुरगुरायला लागला. काचेतला काटा थरथरत उठला. त्या दहा मिनिटांत तांबे चार वेळा गॅलरीबाहेर जाऊन आले. मग दादूंनी चिमटे काढले, नवा चार्जर लावला, आणि गाडीच्या चित्राखालचा दिवा लागला. या वेळी तो विझला नाही.

“दादू,” तांबे म्हणाले, “तुमच्या जीपच्या वेळी मी...”

“र्‍हाव दे,” दादू म्हणाले. “जीप माजी फिरते ना आता? नवी बॅटरी तुमच्यामुलं तर घातली.” आणि डबा उचलून निघून गेले. ते टोमणा मारून गेले की आभार मानून, हे तांब्यांना कळलं नाही.

शनिवारी सकाळी हिरवा दिवा होता. कलिंगड खाली गेलं, गाडीत बसलं. तांब्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. त्यांनी ते मिनिटभर ऐकलं, बंद केलं, दार लावलं आणि वर येऊन किल्ली खिळ्याला अडकवली. “झालं?” सत्यभामाबाईंनी विचारलं. त्यांचा चेहराही फुलला होता. दुपारी त्यांनी जेवायला कोलंबीचं कालवण केलं आणि तीन वाजता स्वतः उशी आणून दिली. “आता निवांत झोपा.”

तांबे आडवे झाले, पण झोप येईना. चार दिवसांची काळजी अशी एका दुपारी जात नाही. आता बॅटरी ठीक आहे, पण कोणी काही केलं तर? पहिल्या नंबरवरच्या माणसाने चाकातली हवा सोडली तर? तो बोलतो गोड, पण असली कामं गोड बोलणारीच माणसं करतात. तीन वाजून वीस मिनिटांनी ते उठून बसले. “अगं,” त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. घरात कोणी नव्हतं. त्यांची नजर खिळ्याकडे गेली. किल्ली नव्हती.

तांबे अनवाणी जिना उतरले. पार्किंगमध्ये आले, दादूंच्या जीपमागे दडले आणि मान लांब करून बघितलं.

गाडीचं पुढचं दार उघडं होतं. सीट मागे टेकवलेली होती. त्यात सत्यभामाबाई बसल्या होत्या, पाय डॅशबोर्डवर, मांडीवर शेंगदाण्याचा डबा, पाठीला घरातली हरवलेली निळी उशी. रेडिओवर फर्माईशी गाणी चालली होती आणि त्या सोबत गात होत्या. पंखा चारवर होता आणि त्यांचे केस उडत होते. अडतीस वर्षांच्या संसारात बायको गाते हे तांब्यांना ठाऊक नव्हतं. गात होत्या बऱ्यापैकी बेसूर, पण मनापासून.

“रोज येतान,” जीपमधून दादूंचा हलका आवाज आला. ते मागच्या सीटवर पाय पसरून पडले होते. “तीन वाजले का येतान, चार-पंचवीसला जातान. तुमी रिटायर झायलाव ना, तवापासून.”

“मला बोलली नाही कधी.”

“तुमाला बोलाची तर मंग हितं कशाला येल?”

तांब्यांना डब्यांवरच्या चिठ्ठ्या आठवल्या. फ्रिजवरची यादी आठवली. भाकरीचं पीठ आठवलं. मग ‘झोपा हो जरा’ आठवलं, आणि ते सगळ्यांत जास्त लागलं. फार वाईट वाटलं त्यांना. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये आपण चौदा महिने ऑफिस थाटून बसलो आणि ही बाई दीड तास मोकळा श्वास घ्यायला या पत्र्याच्या डब्यात येऊन बसते. पार्किंगची जागा क्रमांक बारा गेली तर आपली प्रतिष्ठा जाईल, एवढंच चार दिवस डोक्यात होतं. हिचं काय जाईल, ते आत्ता कळलं.

त्याच वेळी दुसरा तांबे, हेडक्लार्क तांबे, मनात मिनिटं मोजत होता. पंखा चारवर. रेडिओ. इंजिन बंद. एरवी त्या नुसता रेडिओ लावत असणार. आज दोन-तीन दिवसांची कसर भरून काढत होत्या.

“पंखा तरी बंद करायला सांगू का?” ते कुजबुजले.

“सांगून बगा,” दादू म्हणाले.

तांब्यांनी सांगितलं नाही. ते जीपच्या पायरीवर बसून राहिले, गाणी ऐकत आणि संपणारी बॅटरी मोजत. साडेचार वाजले. आज बाई साडेचारलाही उठल्या नाहीत. पावणेपाचला घाईने उठल्या, पदर नीट केला, दार लावलं आणि उशी-डबा गाडीतच विसरून लिफ्टकडे गेल्या. तांब्यांनी मागाहून घरी जाऊन ‘नाईकांकडे गेलो होतो’ असं सांगितलं, चहा प्यायले, किल्ली खिशात घालून पुन्हा खाली आले आणि ती फिरवली.

‘टक.’

“आता काय, दादू? पुन्हा वर नेऊ? आज शनिवार आहे, नाईक फाइल बघायला ऑफिसात बसलेत, समोरूनच जावं लागेल.”

दादूंनी आपल्या खिडकीकडे बोट दाखवलं. ती पार्किंगलाच लागून होती. “माजा मीटर. माजी वायर. जमनीवरनं येतंय, लोंबत नाय. बगा तुमच्या ठरावान बसतंय का.”

तांब्यांनी चारही ठराव मनात वाचून बघितले. बसत होतं. चार्जरचा उल्लेख नऊमध्ये कुठेच नव्हता. आपल्या मसुद्यात पळवाट सापडल्याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. त्यांनी चिमटे लावले. दिवा लागला. रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी तेवढी संपली.

रविवारी अकराला सगळी सोसायटी खाली जमली. श्यामसुंदर नाईक वही घेऊन पुढे. दादूंची जीप फेरी मारून आली. मग नाईक म्हणाले, “जागा क्रमांक बारा. सेक्रेटरी तांबे.”

तांबे गाडीत बसले. चार्जर सकाळीच निघाला होता, दिवा हिरवा होता. त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. आणि त्याबरोबर रेडिओही, शनिवारी ठेवला होता तेवढ्याच आवाजात. पंखा चारवर. शेंगदाण्याची टरफलं डॅशबोर्डवरून उडून थेट नाईकांच्या वहीवर आली. लोक बघतच राहिले. बंद करायचं बटण तांब्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी गाडीत रेडिओ कधी लावलाच नव्हता. त्याच गाण्यावर त्यांनी इमारतीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि जागेवर येऊन गाडी बंद केली.

नाईकांनी आत डोकं घातलं. “गाडी पास. पण तांबे, ही उशी? हा डबा? इथे कोणी बसतं काय? ठराव अकरा, उभ्या वाहनात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसायला मनाई. ठराव तुमचाच आहे.”

तांब्यांनी वर बघितलं. नव्या भिंगाने डाव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याला धरून सत्यभामाबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“मी बसतो,” तांबे म्हणाले.

“तुम्ही?”

“रोज दुपारी. रेडिओ ऐकतो.”

“एकटे? घर असताना?”

“घरी,” तांबे म्हणाले, “एका माणसाची फार अडचण होते.”

कोणीतरी खुदकन हसलं. मग बरेच जण हसले. सेक्रेटरी घरातून पळून गाडीत शेंगदाणे खातात, ही बातमी संध्याकाळपर्यंत जुईनगरला पोचणार हे तांब्यांना दिसत होतं. त्यांचे कान तापले, पण त्यांनी मान खाली घातली नाही. उलट नाईकांच्या हातातून वही घेऊन तिथल्या तिथे मसुदा लिहिला : ‘सेक्रेटरी श्री. सिताराम तांबे यांनी ठराव अकराचा वारंवार व सहेतुक भंग केल्याने त्यांस सक्त ताकीद देण्यात येत आहे.’ खाली स्वतःच सही केली. ओळीत एक शब्द कमीजास्त नव्हता. मग दुसरा कागद घेतला.

“आता एक ठराव. ठराव अकरा रद्द करण्यात यावा.”

सोसायटीच्या इतिहासात तांब्यांनी कुठला ठराव रद्द केल्याची ही पहिलीच वेळ होती. “अनुमोदन,” दादू म्हणाले.

“माझंही,” प्रितेश म्हणाला. जागा हुकल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं, तरी जवळ येऊन तो हळूच म्हणाला, “काका, कलिंगड गोड निघालं ना शेवटी?”

“ठराव सहासुद्धा पुढच्या सभेत घेऊ,” तांबे म्हणाले. “तुमच्या स्कूटरचा.”

त्या दिवशी घरात कोणीच या विषयावर बोललं नाही. फक्त संध्याकाळी फ्रिजच्या दारावरची यादी दिसेनाशी झाली. ती कोणी काढली हे सत्यभामाबाईंनी विचारलं नाही आणि तांब्यांनी सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी तीन वाजता तांबे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. चार आंपियरचा चार्जर सकाळीच दादूंच्या खिडकीत कायमचा बसवला होता. साडेचारनंतर लावायचा, सकाळी काढायचा, असं दोघांत ठरलं होतं. झोप अजिबात नव्हती. खोलीत पावलं वाजली. खिळ्यावरची किल्ली हलकेच उचलल्याचा आवाज झाला. डब्याचं झाकण लागलं. मग पावलं दारापाशी जाऊन थांबली, आणि बराच वेळ थांबली.

“अहो,” सत्यभामाबाईंनी हळूच विचारलं, “झोपलात ना?”

“हो,” तांबे म्हणाले.